शुक्रवारची रात्र, शाळेचं जिम आणि अख्खं गाव

कोणी इंडियानात नवीन राहायला आलं आणि मला विचारलं की इथे बघण्यासारखं काय आहे, तर मी सरळ सांगते, नोव्हेंबर ते मार्च यातला कुठलाही शुक्रवार धरा आणि जवळच्या हायस्कूलच्या जिममध्ये बास्केटबॉलची मॅच बघायला जाऊन बसा. समुद्र नाही, डोंगर नाही, थंडीत तर सगळीकडे नुसती मक्याची कापलेली शेतं आणि राखाडी आभाळ, पण संध्याकाळी सहानंतर शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागते आणि आत शिरलं की पॉपकॉर्नचा वास, पॉलिश केलेल्या लाकडावर बुटांचा चर्र चर्र आवाज, वर बँडची ढोलताशे, आणि पहिल्या रांगेत ब्लँकेट मांडीवर घेऊन बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या आज्या. त्यांची नातवंडं कधीच शाळा सोडून गेलीत. तरी त्या येतात. ह्या आज्यांवरच खरं तर मला लिहायचंय.

आम्ही कोलंबसला राहतो. ओहायोतलं मोठं कोलंबस नाही हं, इंडियानातलं, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला तासाभरावर. इथे मराठी माणसं भरपूर कारण कमिन्सचं मुख्य ऑफिस इथे आणि कमिन्सचं पुण्याशी नातं १९६२ पासूनचं, त्यामुळे कोथरूड आणि कोलंबस अशी ये-जा सतत चालू असते. गणपतीला हॉल भरतो, दिवाळीला भरतो. पण गावच्या शाळेच्या मॅचला आपली माणसं फारशी दिसत नाहीत, मुलगा किंवा मुलगी स्वतः टीममध्ये असेल तरच येतात आणि ती शाळेतून बाहेर पडली की येणं बंद. ते मला फार खटकतं म्हणून हे लांबलचक लिहितेय.

माझा मुलगा खेळाडू नाही. तो पेप बँडमध्ये, म्हणजे मॅचला वाजवणाऱ्या शाळेच्या बँडमध्ये, ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणून मी बँडच्या पालकांच्या कन्सेशन स्टँडवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलवर, उभी राहते, नाचोज, प्रेट्झेल, आणि ते वॉकिंग टाको म्हणजे चिप्सची पिशवी फोडून त्यातच वरून खिमा, चीज, सालसा घालून काट्याने खायचं. त्याचे पैसे बँडच्या युनिफॉर्मला, प्रवासाला जातात. मी खिम्याऐवजी राजमा घातलेला करून देते आणि आता शाकाहारी नसलेले लोकही तोच मागतात. स्टँड असा आहे की दारातून कोर्टचा एक कोपरा दिसतो, बाकीचं आवाजावरून कळतं. खरंच कळतं. आपल्या टीमची बास्केट झाली की आवाज वर फुटतो, समोरच्यांची झाली की तो आवाज दुसऱ्या भिंतीकडून येतो, आणि फ्री थ्रोच्या वेळी तर स्टुडंट सेक्शनची पोरं पाय आपटतात तेव्हा सोड्याचे कप हलतात.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहारची मॅच असली की आमच्या पेठेत काय वातावरण असायचं ते ज्याला माहितेय त्याला इथलं सांगायला फार वेळ लागत नाही. घरातला कोणी खेळत नसला तरी टीम आपली. वडील, काका, शेजारचे पानवाले, सगळे. इथे फक्त तालमीच्या जागी शाळा आहे आणि फुटबॉलच्या जागी बास्केटबॉल.

आता हे इंडियानातच का? खेळ इथला नाहीच मुळात. जेम्स नेस्मिथ नावाच्या माणसाने १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. दोनतीन वर्षांतच तो वायएमसीए नावाच्या ख्रिस्ती युवक संघटनेच्या लोकांबरोबर इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला आला आणि तिथून जो पसरला तो पसरलाच. कारण साधं आहे. छोट्या छोट्या गावांच्या छोट्या शाळा, अमेरिकन फुटबॉलला अकरा पोरं लागतात, वरती हेल्मेट-बिल्मेटचा खर्च, तेवढी पोरं आणि पैसे दोन्ही नव्हते. बास्केटबॉलला पाच पुरतात. सुगी झालेली, हिवाळ्यात शेतावर काम कमी, धान्याच्या कोठाराच्या भिंतीला रिंग ठोकली की झालं. आणि थंडीच्या लांबच लांब रात्री गावाने एकत्र जमावं अशी उबदार जागा कुठली, तर चर्च आणि शाळेचं जिम. १९११ मध्ये पहिली राज्य स्पर्धा झाली, ती क्रॉफर्ड्सव्हिलनेच जिंकली. पुढे आमच्या शेजारच्या फ्रँकलिनने १९२०, २१, २२ असं सलग तीनदा राज्य जिंकलं, त्या टीमला आजही इथली म्हातारी माणसं वंडर फाइव्ह म्हणतात.

जिमचं एक सांगायलाच पाहिजे. देशातली सगळ्यात मोठी हायस्कूल जिम बघायला गेलात तर त्यातली बहुतेक इंडियानात निघतात. न्यू कॅसलचं १९५९ चं फील्डहाऊस सगळ्यात मोठं म्हणून मिरवतं, गावाची वस्ती आज वीस हजारसुद्धा नाही आणि जिममध्ये नऊ हजारांच्या आसपास माणसं बसू शकतील असं बांधलं. आमच्या कोलंबस नॉर्थ हायस्कूलचं जिम सात हजारांचं, आणि इथून वीस मैल दक्षिणेला सीमोर आहे त्यांचं त्याहून मोठं. ही जिम का बांधली तर स्पर्धेची पहिली फेरी, जिला इथे सेक्शनल म्हणतात, ती आपल्या गावात भरवायला मिळावी म्हणून. मोठं जिम असेल त्याला मान, आणि तिकिटांचे पैसेही त्याच गावात. मग काय, शेजारच्या गावाने पाच हजारांचं बांधलं की आपण सहाचं. एवढ्याशा गावांनी कर्ज काढून, वर्गणी काढून हे केलंय आणि पुढची कित्येक वर्षं ती भरलीसुद्धा. सीझन तिकिटाच्या जागा घरात वारशाने चालायच्या.

आमच्या कोलंबसचा अजून एक अभिमान म्हणजे चक टेलर. हो तेच, कन्व्हर्सच्या बुटांवर गोल शिक्क्यात ज्याची सही असते ते. तो माणूस कोलंबस हायस्कूलमध्ये खेळलेला, १९१९ ला शाळेतून बाहेर पडला, पुढे कन्व्हर्सचा सेल्समन झाला आणि गावोगाव फिरून पोरांना बास्केटबॉल शिकवत बूट विकायचा. पुण्याला एफसी रोडवर जे बूट आणि त्यांच्या नकला पोरं घालून फिरतात त्यांच्यावरचं नाव आमच्या गावच्या शाळेतल्या एका पोराचं आहे, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.

आता मायलन. इंडियानात राहून मायलनची गोष्ट माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. १९५४. मायलन हे हजार-अकराशे वस्तीचं गाव, शाळेत सगळी मिळून १६१ मुलं. तेव्हा सगळ्या शाळांची एकच स्पर्धा असायची, लहान मोठी असा भेद नाही, त्या वर्षी ७५१ टीम होत्या. २६ वर्षांचा कोच, मार्विन वुड. फायनलला समोर मन्सी सेंट्रल, राज्यातली बलाढ्य शाळा, आधी कितीतरी वेळा राज्य जिंकलेली. इंडियानापोलिसचं बटलर फील्डहाऊस, १५ हजार माणसं. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मायलन दोन पॉइंटने मागे असताना त्यांचा बॉबी प्लंप बॉल हातात धरून उभा राहिला. नुसता उभा. चार मिनिटं तेरा सेकंद. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बॉल टाकायची सक्ती, नव्हती त्यामुळे चालायचं ते. मागे असलेली टीम वेळ का घालवतेय हे कुणाला कळेना, पण वुडचं गणित असं की मोठ्या टीमशी पळापळी केली तर आपण हरणार, फरक दोनचाच ठेवला तर शेवटी काहीही होऊ शकतं. मग बॉल टाकला आणि हुकला! पण लगेच मायलनने बॉल परत मिळवला, बरोबरी झाली, मग पुढे मागे होत ३०-३०, अठरा सेकंद बाकी, टाइमआउट. बाकीचे चौघे एका बाजूला सरकले, प्लंप एकटा, त्याने शेवटच्या क्षणी उडी मारून टाकला तो आत. ३२-३०.

दुसऱ्या दिवशी टीम गावी परतली तेव्हा हजार वस्तीच्या गावात ४०,००० लोक जमले असा अंदाज सांगतात. मला त्या मॅचपेक्षा हा आकडा जास्त आवडतो. कारण हे लोक मायलनचे नव्हतेच, असणार कसे? आजूबाजूच्या सगळ्या बारक्या गावांतले, ज्यांच्या स्वतःच्या शाळा पहिल्या दुसऱ्या फेरीत हरलेल्या, त्यातल्या काहींना तर मायलननेच हरवलेलं असणार, ते आले. आपल्यासारख्यांपैकी कोणीतरी जिंकलं म्हणून. प्लंपने पुढे इंडियानापोलिसच्या ब्रॉड रिपलमध्ये रेस्टॉरंट काढलं, नाव काय तर प्लंप्स लास्ट शॉट. बटलर फील्डहाऊसचं नाव आता हिंकल फील्डहाऊस आहे, १९२८ ची इमारत, अजून वापरात, वरच्या उंच खिडक्यांतून दुपारी ऊन थेट कोर्टवर पडतं. जमलं तर नक्की बघा.

पण मायलनची गोष्ट सांगून थांबणारे लोक मला अर्धीच गोष्ट सांगतात असं वाटतं. त्याच १९५४ च्या स्पर्धेत सेमीस्टेटला, म्हणजे शेवटच्या चारात जाण्याआधीच्या फेरीत, मायलनने ज्या शाळेला हरवलं ती इंडियानापोलिसची क्रिस्पस ॲटक्स, आणि तिच्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा खेळत होता, ऑस्कर रॉबर्टसन.

ॲटक्स १९२७ मध्ये उघडली ती शहरातल्या काळ्या मुलांना गोऱ्यांच्या हायस्कूलमधून बाजूला काढून एकाच शाळेत घालायला. उघडली त्या दिवसापासून तो अपमानच होता. पण झालं असं की ज्या काळ्या विद्वानांना विद्यापीठं नोकरी देत नव्हती, एमए, पीएचडी झालेली माणसं, ती इथे शिकवायला आली आणि शाळा अभ्यासात उत्तम झाली. खेळात मात्र १९४२ पर्यंत राज्याच्या संघटनेने काळ्यांच्या शाळांना स्पर्धेत घेतलंच नाही. म्हणजे सगळ्यांसाठी एकच स्पर्धा असं जे आम्ही अभिमानाने सांगतो, ती पहिली तीसेक वर्षं सगळ्यांसाठी नव्हतीच. ॲटक्सचं जिम इतकं छोटं की तिथे मोठे सामने होऊच शकत नव्हते, टीम दुसऱ्यांच्या जिममध्ये फिरून खेळायची. प्रॅक्टिसही पोरं शाळेजवळच्या लॉकफील्ड गार्डन्सच्या वस्तीतल्या उघड्या कोर्टवर करायची, त्याला डस्ट बाउल म्हणायचे, नावावरून कळतंच.

कोच रे क्रो. आमच्या फ्रँकलिनजवळच वाढलेला माणूस, आणि त्याचा भाऊ जॉर्ज क्रो म्हणजे फ्रँकलिन हायस्कूलचा, इंडियानाचा पहिलावहिला मिस्टर बास्केटबॉल, म्हणजे राज्यातला त्या वर्षीचा सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू, १९३९ चा. रे क्रोने पोरांना शिस्त लावली, रेफ्रीने चुकीचं दिलं तरी वाद घालायचा नाही, एवढ्या पॉइंटने पुढे जा की रेफ्रीच्या शिट्टीने फरक पडता कामा नये. १९५१ ला ऑस्करच्या मोठ्या भावाने, त्याला सगळे फ्लॅप म्हणायचे, अँडरसनविरुद्ध शेवटच्या क्षणी टाकलेल्या बास्केटने ॲटक्स पुढे गेली आणि शेवटच्या चारात पोचली. मग १९५५ ला राज्य जिंकलं, फायनलमध्ये गॅरी रूझवेल्टला ९७-७४ ने हरवून. ती टीमही काळ्या मुलांचीच. इंडियानापोलिस शहरातल्या कुठल्याच शाळेने तोपर्यंत ही स्पर्धा जिंकलेली नव्हती, आणि पूर्ण काळ्यांच्या शाळेने सगळ्यांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकावी हे देशातच पहिल्यांदा घडलं. पुढच्या वर्षी, १९५६ ला, ३१ पैकी ३१ मॅच जिंकून परत राज्य. इंडियानाच्या इतिहासात पूर्ण सीझन न हरता जिंकलेली पहिली टीम.

आणि १९५५ ला जिंकल्यावर काय झालं? पद्धत अशी की विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यावर मॉन्युमेंट सर्कलला जायची आणि तिथे जल्लोष व्हायचा. आदल्या वर्षी मायलनला तो मान मिळालेला. ॲटक्सच्या पोरांना फायर ट्रकवर बसवलं, सर्कलला एक वळसा घालून दिला आणि मग गाडी सरळ काळ्यांच्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे वळवली. शेकोटी, नाचगाणं जे काय करायचं ते तिकडे करा. स्वतःच्या शहराला पहिल्यांदा राज्य जिंकून दिलेल्या पोरांना शहराने मध्यावर थांबू दिलं नाही. ऑस्कर रॉबर्टसन १९६० ला ऑलिंपिक गोल्ड मेडल जिंकला, एनबीएत मोठा झाला, पण ती रात्र तो विसरला नाही, म्हातारपणीसुद्धा त्याबद्दल बोललाय. सतरा-अठरा वर्षांची पोरं होती हो ती. मला प्रत्येक वेळी हे आठवलं की घशात आवंढा येतो. गावाचा अभिमान, स्कूल स्पिरिट असे शब्द वापरताना कोणाचं गाव आणि कोणाची पोरं हे विचारलंच पाहिजे असं मला ॲटक्सने शिकवलं. आम्ही इथे बाहेरून आलेली माणसं, आमच्या पोरांची नावं अनाउन्सरला नीट उच्चारता येत नाहीत अजून, आम्ही तर हे विचारायलाच हवं. ॲटक्स मध्ये १९८६ ला ज्युनियर हाय झाली आणि २००६ पासून परत हायस्कूल आहे. २०१७ मध्ये त्यांनी थ्री-एचं, म्हणजे पटानुसार केलेल्या चार वर्गांपैकी एकाचं, राज्य जिंकलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या बास्केटबॉल न बघणाऱ्या लोकांनीही टीव्ही लावला होता.

शाळा बंद होणं हा पण ह्या गोष्टीचा मोठा भाग आहे. १९५९ च्या कायद्यानंतर इंडियानात छोट्या शाळांचं एकत्रीकरण जोरात सुरू झालं, आज राज्यात जेमतेम चारशे शाळा स्पर्धेत असतात, मायलनच्या वेळी साडेसातशे होत्या. शाळा गेली की टीम जाते, टीमचं नाव, रंग, गाणं सगळं जातं आणि शुक्रवारी गाव अंधारात. शिक्षणासाठी ते बरोबर असेलही, मोठ्या शाळेत लॅब चांगली, विषय जास्त, मी स्वतः मराठी शाळेतून इंजिनियर झालेली आहे मला लॅबची किंमत कळते. पण गावाला जोडून ठेवणारं काहीतरी तुटतं हे पण तितकंच खरं. कधी कधी उलटंही होतं बरं का. फ्रेंच लिक आणि वेस्ट बेडन ही दोन शेजारी गावं एकमेकांची कट्टर, १९५७ ला दोघांच्या शाळा एकत्र करून स्प्रिंग्स व्हॅली केली तेव्हा लोक चिडलेले होते. आणि पहिल्याच सीझनला, १९५८ ला, ती टीम एकही मॅच न हरता राज्याच्या शेवटच्या चारात गेली! दोन्ही गावं एका बाजूला बसून ओरडायला लागली. त्याच शाळेतून १९७४ ला लॅरी बर्ड बाहेर पडला. इतका मोठा खेळाडू, पण हायस्कूलनंतर ब्लूमिंग्टनच्या अवाढव्य इंडियाना युनिव्हर्सिटीत त्याचं मन लागलं नाही, महिन्याभराच्या आत घरी परत आला, गावात नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर काम केलं, आणि मग इंडियाना स्टेटला गेला. मला ह्यात गावाची ताकद दिसते, परत यायला एक जागा होती आणि तिथे त्याला कोणी हसलं नाही.

गावाचं प्रेम पोरांवर ओझं पण होतं, हे नाकारायचं नाही मला. डेमन बेली हा हेल्टनव्हिलचा मुलगा. तो आठवीत असताना बॉब नाइट, म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटीचा प्रसिद्ध कोच, त्याला खेळताना बघायला आला आणि तिथपासून त्या पोराचं बालपण सगळ्या राज्याच्या मालकीचं झालं. आठवी म्हणजे तेरा-चौदा वर्षं! तो बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्सकडून खेळला, ती पण एकत्रीकरणातून झालेली शाळा. १९९० ची फायनल इंडियानापोलिसच्या हूझियर डोममध्ये ठेवावी लागली आणि हायस्कूलच्या पोरांची मॅच बघायला ४१,०४६ माणसं आली. एक्केचाळीस हजार. कॉन्कॉर्डविरुद्ध शेवटच्या मिनिटांत टीम मागे असताना बेलीने टीमचे शेवटचे सगळे ११ पॉइंट एकट्याने केले, ६३-६० ने जिंकले, आणि शिट्टी वाजल्यावर तो पोरगा गर्दीतून वर चढत आईवडिलांकडे गेला. त्याचे शाळेतले एकूण ३,१३४ पॉइंट हा राज्याचा विक्रम अजून तसाच आहे. मी त्याचं ते प्रेक्षकांत चढत जाणं व्हिडिओवर बघते तेव्हा मला आधी त्याच्या आईचा विचार येतो, चार वर्षं तिने काय काय ऐकलं असेल, वाईट खेळला त्या रात्री दुकानात गेल्यावर लोक कसे बघत असतील. म्हणून मी आमच्या स्टँडवर कोणी मोठा माणूस सतरा वर्षांच्या पोराला नावाने शिव्या घालायला लागला की तिथल्या तिथे बोलते. टीमवर प्रेम आहे ना, मग त्या पोरांवर पण दाखवा.

१९९७ ला ती एकच स्पर्धा संपली. शेवटची ब्लूमिंग्टन नॉर्थने जिंकली, आणि १९९८ पासून शाळेच्या पटावर चार वर्ग केले, वन-ए ते फोर-ए, चार विजेते. बॉबी प्लंप स्वतः ह्याविरुद्ध उभा राहिला होता. इथे अजूनही दोन म्हातारे एकत्र बसले की हा वाद सुरू होतो. बाजूने बोलणारे म्हणतात की मायलन एकदाच झालं, दीडशे मुलांच्या शाळेने दोन हजारांच्या शाळेशी दरवर्षी हरतच राहायचं का? मला ते पटतं. छोट्या शाळेच्या पोरांनाही नेट कापायचा आनंद मिळायला हवा, जिंकल्यावर शिडी लावून एकेक दोरा कापतात तो. पण सेक्शनलचं जे मोडलं त्याचं मला वाईट वाटतं. पूर्वी शेजारपाजारची सगळी गावं एका जिममध्ये, लहान मोठी सगळी, ज्यांच्याशी तुम्ही वर्षभर दुकानात, फॅक्टरीत, चर्चमध्ये भेटता त्यांच्याशीच मॅच. आता वर्ग जुळावा म्हणून छोटी शाळा तास-दीड तास गाडी चालवून अशा गावाशी खेळते ज्याचं नाव पण कोणाला माहीत नसतं. गर्दी कमी झाली त्याला अर्थात इतर कारणंही आहेत, मोबाइल, केबल, फॅक्टऱ्या बंद पडल्या. अँडरसनचं विगवाम, जवळजवळ नऊ हजारांचं जिम, २०११ मध्ये शाळेने बंद केलं कारण चालवायला पैसे नव्हते. ज्या शहरात जनरल मोटर्सच्या फॅक्टऱ्यांमध्ये हजारो लोक काम करायचे त्या फॅक्टऱ्याच गेल्या तर जिम कोण भरणार?

तरी एक गोष्ट टिकून आहे. इथे प्रत्येक शाळा स्पर्धेत उतरते, सीझनभर सगळ्या मॅच हरलेली टीमसुद्धा सेक्शनलला खेळते. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक पोराच्या मनात निदान एक रात्र तरी असते की काय माहीत, आपलं पण मायलन होईल.

मुलींचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कमी म्हणून नाही तर इथे मला तुमच्याकडून काम करून घ्यायचंय. मुलांची स्पर्धा १९११ ची आणि मुलींची राज्य स्पर्धा सुरू झाली थेट १९७६ ला. पासष्ट वर्षं! तीसुद्धा १९७२ चा टायटल नाइन कायदा आला, शाळांना मुली आणि मुलांमध्ये भेद करता येणार नाही असं ठरलं, त्यानंतर. पहिलं राज्य वॉर्सा शाळेने जिंकलं आणि त्यांची ज्यूडी वॉरेन पहिली मिस बास्केटबॉल झाली. मग स्टेफनी व्हाइट, सीगर हायस्कूलची, अगदी छोट्या गावातली, १९९५ ची मिस बास्केटबॉल, आज इंडियाना फीव्हर ह्या महिलांच्या व्यावसायिक टीमची कोच म्हणून सगळे ओळखतात. आणि आमच्या नॉर्थची अली पॅटबर्ग २०१५ ची मिस बास्केटबॉल, पुढे ती इंडियाना युनिव्हर्सिटीकडून खेळली. आमच्या गावातल्या लहान मुली तिच्या नावाचे टीशर्ट घालायच्या. फीव्हरच्या मॅचची तिकिटं हल्ली मिळत नाहीत पण मंगळवारी नॉर्थच्या मुलींची मॅच असते तेव्हा अर्ध्याहून जास्त जिम रिकामं असतं, बँडसुद्धा दरवेळी नसतो. ते आम्ही बँडच्या पालकांनी बदलायला घेतलंय, मुलींच्या मॅचला पण मुलांइतकाच बँड, आणि स्टँड पण उघडा.

त्या ब्लँकेटवाल्या आज्यांपैकी एक मुलींच्या एकूण एक मॅचला येतात. मी एकदा विचारलं की तुमच्या घरचं कोणी खेळतं का, तर म्हणाल्या आमच्या वेळी मुलींना टीमच नव्हती, मी शाळेत चीअरलीडर होते कारण कोर्टच्या जवळ जायचा तेवढाच मार्ग होता. मग त्यांनी प्रत्येक मुलीचा नंबर आणि नाव मला बोट दाखवून सांगितलं, कोण ज्युनियर, कोणाचा घोटा दुखावलाय, कोण डाव्या हाताने छान टाकते. सीनियर नाईटला शेवटच्या वर्षाच्या मुली आईवडिलांचा हात धरून कोर्टच्या मधे येतात ना, तेव्हा एका मुलीचे वडील कामामुळे पोचू शकले नव्हते. आई एकटीच होती. कोचने काही बोलायच्या आत ह्या आजी उठून खाली गेल्या आणि त्या मुलीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. नात्याच्या ना गोत्याच्या.

तर कोलंबसच्या मंडळींनो, आणि बाहेरगावच्या मराठी मंडळींनो, तुमच्या पोरांचा खेळाशी संबंध नसला तरी या. साधारण मुलींच्या मॅच मंगळवार, शनिवारी असतात, मुलांच्या शुक्रवार, शनिवारी, वेळापत्रक शाळेच्या साइटवर मिळतं. जेव्हीची, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या टीमची, मॅच आधी होते, तेव्हा आलात तर पार्किंगही मिळतं आणि जागाही मिळते. नॉर्थ विरुद्ध गावातलं दुसरं हायस्कूल ईस्ट अशी मॅच असेल त्या दिवशी मात्र लवकरच या कारण ती गावातली गावात लढाई, सातची मॅच असेल तर सव्वासहाला जिम भरलेलं असतं. मुलींचं सेक्शनल फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सुमारास, मुलांचं त्यानंतर महिन्याभराने. रंग निळा आणि पांढरा, घरात असेल ते निळं घाला. राजमावाला टाको हवा असेल तर हाफटाइमच्या आधी स्टँडवर या, नंतर संपतो.